बेन कार्सन का घसरला आणि ट्रम्प का टिकला

अमेरिकन निवडणुकांवर आपल्याकडे दर चार वर्षांनी जे लिहिलं जातं त्यात एक वाक्य ठरलेलं असतं, की लोक राजकारण्यांना कंटाळले होते म्हणून त्यांनी बाहेरचा माणूस निवडला. मला हे अजिबात पटत नाही. कंटाळलेले तर लोक कायमच असतात हो, आणि जवळपास प्रत्येक प्रायमरीत (म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायला पक्षाचे मतदार मत देतात ती निवडणूक) एकदोन तरी बाहेरचे उमेदवार उभे असतात, त्यातले बहुतेक आपटतात आणि एखादाच पार पोचतो, तो एखादाच का, याचं उत्तर त्या वाक्यात कुठेच नाही.

२०१६ ची रिपब्लिकन प्रायमरी घ्या. (ट्रम्प आवडतो की नाही हा विषय बाजूला ठेवा, कमेंटमध्ये त्यावरून भांडायचं असेल तर आपापल्या वॉलवर भांडा.) १७ मोठे उमेदवार होते, आणि त्यातले तिघं आयुष्यात एकाही सरकारी खुर्चीवर न बसलेले: ट्रम्प, न्यूरोसर्जन बेन कार्सन आणि ह्यूलेट-पॅकार्डच्या माजी सीईओ कार्ली फिओरिना. नुसतं बाहेरचं असणं पुरेसं असतं तर कार्सन जिंकायला हवा होता. गरीब घरातून वर आलेला नावाजलेला डॉक्टर, देवभोळा, शांत बोलणारा, राजकारणाचा डाग नाही. २०१५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात काही पोल्समध्ये तो ट्रम्पच्या पुढेसुद्धा गेला होता. मग पॅरिसचे हल्ले झाले, परराष्ट्र धोरणावर प्रश्न यायला लागले आणि डॉक्टरसाहेबांकडे उत्तरं नव्हती. सगळ्यात आधी मतदान होणाऱ्या आयोवात चौथा नंबर. फिओरिनाबाई पुढच्याच राज्यात, न्यू हॅम्पशायरनंतर, थांबल्या.

आता याच्या उलट बर्नी सँडर्स. हा माणूस १९८१ साली बर्लिंग्टनचा मेयर झाला तोही फक्त १० मतांनी, १९९१ पासून काँग्रेसमध्ये बसलाय, म्हणजे अख्खं करिअर राजकारणात, आणि तरी २०१६ मध्ये डेमोक्रॅटिक मतदाराला तो बाहेरचा वाटला आणि हिलरी आतली वाटली. दोघंही सिनेटमध्ये बसलेले, पण सँडर्स इतकी वर्षं अपक्ष म्हणून निवडून येत होता, पक्षाच्या चुलीवर त्याचं काही शिजत नव्हतं. म्हणजे किती वर्षं राजकारणात आहे यावर मतदार बाहेरचा-आतला ठरवतच नाही.

माझं मत असं आहे की जो टिकतो तो पक्षाच्या स्वतःच्याच मतदाराच्या मनातलं, पण पक्षाचे नेते जे तोंडातून काढायला तयार नाहीत, ते बोलून दाखवतो. बाकी सगळं, म्हणजे पैसा, टीव्ही, शिव्या, ट्विटर, ते नंतर.

१३ फेब्रुवारी २०१६, साउथ कॅरोलायनातलं ग्रीनव्हिल, रिपब्लिकन डिबेट. साउथ कॅरोलायना म्हणजे सैन्याचे तळ, निवृत्त फौजी आणि बुश घराण्याचं जुनं वजन असलेलं राज्य. तिथे, जेब बुश (माजी प्रेसिडेंट जॉर्ज डब्ल्यू. बुशचा भाऊ, तोही उमेदवार) शेजारी उभा असताना, ट्रम्प म्हणाला की इराक युद्ध ही मोठी चूक होती, इराककडच्या शस्त्रांबद्दल बुश सरकारने खोटं सांगितलं, आणि ट्विन टॉवर्स पडले तेव्हा तुझा भाऊच गादीवर होता. हॉलमधल्या लोकांनी आरडाओरडा केला, हुर्यो उडवली. टीव्हीवरचे बरेच पंडित म्हणाले आता संपला हा. दोन दिवसांनी खुद्द जॉर्ज डब्ल्यू. बुश भावाच्या प्रचाराला आला. आणि २० तारखेला ट्रम्प तिथे दहा टक्क्यांनी जिंकला, जेबने त्याच रात्री माघार घेतली. जेबच्या पाठीशी असलेल्या सुपर पॅकने (उमेदवारासाठी बाहेरून प्रचाराचा पैसा उभा करणारी संस्था) दहा कोटी डॉलरच्या वर गोळा केले होते, त्यातले बहुतेक वाया गेले.

त्या हॉलमध्ये बसलेले लोक कोण होते याचा विचार करा ना. पासेस मिळालेले, पक्षाशी, देणगीदारांशी ओळख असलेले. घरी बसून बघणारा जो मतदार होता त्याच्यातल्या कितीतरी जणांच्या घरातून, शेजारातून कुणीतरी इराकला जाऊन आलेलं होतं. युद्ध चुकलं असं त्याच्या पक्षातला मोठा नेता त्याला इतक्या वर्षांत सरळ म्हणाला नव्हता (काँग्रेसमधला रॉन पॉल म्हणत होता, पण त्याला पक्षाने कायम कोपऱ्यातच बसवलं). पेन्शनचंही तेच. सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअरला (म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा) कात्री लावायची हा तेव्हाचे रिपब्लिकन स्पीकर पॉल रायन यांच्यासारख्या नेत्यांचा लाडका विषय, आणि रिपब्लिकन मतदार तर वयस्कर, त्याचं घर त्याच पैशावर चालतं. ट्रम्प म्हणाला हात लावणार नाही. एवढं साधं होतं ते.

८ मार्चचं मिशिगन तर मला सगळ्यात बोलकं वाटतं. पोल्स हिलरीला वीसेक टक्क्यांनी पुढे दाखवत होते, जिंकला सँडर्स. त्याच दिवशी, त्याच राज्यात रिपब्लिकन बाजूला जिंकला ट्रम्प. दोघांच्या बोलण्यात एकच गोष्ट सारखी होती, ती म्हणजे व्यापार करार, नाफ्टा (मेक्सिको-कॅनडाबरोबरचा) आणि टीपीपी (पॅसिफिक देशांबरोबरचा), बंद पडलेले कारखाने. दोन्ही पक्षांचे नेते तीस वर्षं फ्री ट्रेडचं गाणं गात होते आणि डेट्रॉइट, फ्लिंटच्या आसपासचा माणूस ते ऐकत होता.

पण इथे माझ्याच म्हणण्याला एक अडचण आहे, ती म्हणजे पॅट ब्युकॅनन, रिपब्लिकन पक्षातला टीव्हीवरचा पंडित. व्यापार करार नको, इमिग्रेशन आवरा, परदेशातली युद्धं नकोत, हे सगळं त्याने १९९२ मध्ये म्हटलं होतं. पदावर असलेल्या प्रेसिडेंट थोरल्या बुशविरुद्ध न्यू हॅम्पशायरमध्ये ३७ टक्के मतं घेतली. १९९६ ला तर तिथे पक्षाचा ज्येष्ठ सिनेटर बॉब डोलला हरवून पहिला आला. आणि मग? काही आठवड्यांत पक्ष डोलच्या मागे उभा राहिला आणि ब्युकॅनन संपला. म्हणजे मनातलं बोलणं लागतंच, पण तेवढ्याने भागत नाही, समोरचे एकत्र येतात की नाही हेही लागतं. २०१६ मध्ये ते आले नाहीत. ट्रम्पविरुद्ध उभे असलेल्यांत सिनेटर रुबिओला वाटत होतं सिनेटर क्रूझ थांबेल, क्रूझला वाटत होतं रुबिओ थांबेल, आणि ओहायोचा गव्हर्नर केसिक कशासाठी मे महिन्यापर्यंत उभा होता हे मला आजही कळलेलं नाही.

आणि त्यात डेलिगेटचे (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणाऱ्या प्रतिनिधींचे) नियम. साउथ कॅरोलायनात ट्रम्पला मतं साडेबत्तीस टक्के आणि डेलिगेट ५० पैकी ५०. फ्लोरिडात सुमारे ४६ टक्के मतांवर सगळे ९९. एप्रिलच्या न्यूयॉर्कपर्यंत एकाही राज्यात त्याला निम्मी मतं मिळालेली नव्हती, हे लोक विसरतात. डेमोक्रॅट्सकडे मतांच्या प्रमाणात वाटप, १५ टक्क्यांच्या वर असाल तर वाटा मिळतोच. त्यामुळे तिकडे एक तृतीयांश मतांवर कुणी सगळं घेऊन जाऊ शकत नाही. सँडर्सचे समर्थक सातशेवर सुपरडेलिगेट्सना (मतदारांनी न निवडलेले, पक्षाच्या पदाधिकाऱ्यांचे डेलिगेट) शिव्या घालतात, त्यात तथ्य आहे, बहुतेक सगळे आधीच हिलरीच्या मागे उभे होते. पण सरळ मतांतही तो ४३ टक्क्यांवर राहिला आणि साउथ कॅरोलायनात ७३ विरुद्ध २६ असा आडवा झाला. तिथला काळा मतदार, विशेषतः वयस्कर, त्याच्या मनातलं काय आहे हे बर्नीला कळलंच नाही. चार वर्षांनी पुन्हा तेच राज्य. नेव्हाडा जिंकून बर्नी जोरात होता, तिथला वजनदार काळा काँग्रेसमन जिम क्लायबर्नने बायडनला पाठिंबा दिला, २९ फेब्रुवारीला बायडन जिंकला, पुढच्या दोन दिवसांत दुसरे दोन उमेदवार, बुटिजेज आणि क्लोबुचार, थांबले आणि ३ मार्चला बायडनने १४ पैकी १० राज्यं घेतली. रिपब्लिकनांना जे चार वर्षांपूर्वी चार महिन्यांत जमलं नाही ते यांनी अठ्ठेचाळीस तासांत केलं.

मुळात हे सगळं शक्य झालं कारण तिथे एबी फॉर्म पक्षाचा नेता देत नाही, मतदार देतो. पण हे फार जुनं नाही बरं का. १९५२ मध्ये सिनेटर केफॉव्हरने १५ पैकी १२ प्रायमरी जिंकल्या आणि उमेदवारी गेली स्टीव्हन्सनकडे. १९६८ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष हंफ्री एकही प्रायमरी न लढता उमेदवार झाला, शिकागोत पक्षाच्या अधिवेशनाबाहेर रस्त्यावर निदर्शक आणि पोलिसांची धुमश्चक्री झाली, त्यानंतर नियम बदलले. त्या नव्या नियमांचा खरा अर्थ पहिल्यांदा कुणाला कळला असेल तर जिमी कार्टरला. जॉर्जियाचा एका टर्मचा माजी गव्हर्नर, भुईमुगाची शेती, देशात कुणी ओळखत नाही. आयोवात लोकांच्या घरी मुक्काम करत, सकाळी आपली गादी आपण आवरत फिरला. वॉटरगेट ताजं होतं आणि हा म्हणत होता मी तुमच्याशी कधी खोटं बोलणार नाही. आयोवात पहिला नंबर खरं तर 'अजून ठरलं नाही' वाल्यांचा होता, ३७ टक्के! कार्टर जेमतेम २८. पण पेपरवाल्यांनी विजेता म्हणून त्यालाच छापलं आणि गाडी सुटली.

पैशाबद्दल एवढंच सांगतो की २०२० मध्ये अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्गने स्वतःच्या खिशातून नव्वद कोटी डॉलरच्या वर घातले आणि जिंकलं काय तर अमेरिकन समोआ नावाचं पॅसिफिकमधलं छोटंसं बेट. आपले बेळगावचे श्री ठाणेदार, २०१८ ला मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत स्वतःचे लाखो डॉलर घालून उतरले आणि तिसरे आले. नंतर राज्याच्या सभागृहात गेले, तिथून २०२२ ला काँग्रेसमध्ये. म्हणजे बाहेरच्या माणसाने शेवटी आतल्या पायऱ्याच चढल्या, आणि त्यात वाईट काही नाही.

मला काळजी आहे ती कॅलेंडरची, म्हणजे कुठल्या राज्याची प्रायमरी आधी आणि कुठल्याची नंतर याची. डेमोक्रॅट्सनी २०२४ साठी आयोवाला पहिल्या नंबरावरून काढलं आणि साउथ कॅरोलायनाला पुढे आणलं. आयोवा बहुतांश गोऱ्यांचं राज्य आहे, पक्षाचा मतदार तसा नाही, हे कारण रास्तच आहे. न्यू जर्सीत, एडिसनला राहणाऱ्या आपल्या मंडळींना विचारा, त्यांचा नंबर जूनमध्ये येतो, तोवर बहुतेकदा लग्न लागून जेवणं उरकलेली असतात. पण बायडन प्रेसिडेंट असताना, त्याला ज्या राज्याने वाचवलं तेच राज्य पहिलं करायचं, हे मला मतदाराच्या सोयीपेक्षा नेत्यांच्या सोयीचं जास्त वाटलं. न्यू हॅम्पशायरने तर ऐकलंच नाही, आपली प्रायमरी जानेवारीत घेतली, बायडनचं नाव बॅलटवर नव्हतं तरी लोकांनी ते हाताने लिहून त्याला जिंकवलं. आता २०२८ ला आधी कोणती राज्यं येतात ते बघा आणि मग सांगा, कुणी माहीत नसलेला माजी गव्हर्नर लोकांच्या घरी मुक्काम करत फिरला तर त्याने पहिली बॅग नक्की कुठल्या गावात उघडायची?