भगतसिंगांच्या फाशीची तारीख १४ फेब्रुवारी नाही

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा लागला की तो मेसेज येतो. यंदा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, नातेवाइकांच्या ग्रुपवर आला आणि शाळेतल्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर तर दोनदा आला. मजकूर थोडाफार बदलतो, पण गाभा तोच असतो: १४ फेब्रुवारी १९३१ ला पहाटे लाहोरच्या तुरुंगात भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना फाशी दिली गेली. ही गोष्ट आपल्यापासून लपवली गेली, म्हणून आपण त्या दिवशी व्हॅलेंटाइन डे साजरा करतो. खरे भारतीय असाल तर पुढे पाठवा. सोबत एक जुना फोटो असतो, एका शीख तरुणाला खांबाला बांधून फटके मारतानाचा.

मी इतिहास शिकवते. पाठवणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत, मनाने चांगली आहेत आणि त्या तिघांविषयी त्यांना खरंच माया आहे. म्हणूनच गप्प राहवत नाही. या मेसेजमधली जवळजवळ प्रत्येक गोष्ट चुकीची आहे, आणि ज्यांच्यासाठी तो फिरवला जातो त्यांचंच त्याने नुकसान होतं.

पहिला दावा तारखेचा. फाशी झाली २३ मार्च १९३१ ला, सोमवारी, संध्याकाळी सात-साडेसातच्या सुमारास, लाहोरच्या सेंट्रल जेलमध्ये. यासाठी कुठल्या गुप्त दप्तरात शिरायची गरज नाही, भगतसिंगांची स्वतःची पत्रंच पुरेशी आहेत. ३ मार्चला घरच्यांशी शेवटची भेट झाली. त्याच दिवशी त्यांनी धाकटा भाऊ कुलतार याला पत्र लिहिलं: आज तुझ्या डोळ्यांत पाणी पाहून फार वाईट वाटलं, धीराने शिक, तब्येतीला जप. २० मार्चला पंजाबच्या गव्हर्नरला पत्र गेलं. त्यात मागणी होती की आमच्यावर राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप सिद्ध झाला आहे, तेव्हा आम्ही युद्धकैदी आहोत. आम्हाला फासावर देऊ नका, गोळ्या घाला. आणि २२ मार्चला, फाशीच्या आदल्या दिवशी, तुरुंगातल्या सोबत्यांना चिठ्ठी लिहिली. जगण्याची इच्छा माझ्यातही आहे, ती मी लपवणार नाही, पण कैदेत जगायचं नाही, असा तिचा सूर आहे.

तारीख १४ फेब्रुवारी धरली तर ही तिन्ही पत्रं गेली. तेवीस वर्षांच्या माणसाने मरणाच्या दारात उभं राहून लिहिलेले सगळ्यात सुंदर कागद आपण आपल्याच हाताने खोटे ठरवतो.

चंद्रशेखर आझाद अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कमध्ये पोलिसांशी झुंजताना गेले तो दिवस २७ फेब्रुवारी १९३१. त्या दिवशी भगतसिंग लाहोरच्या कोठडीत जिवंत होते. आणि जी मंडळी दर मार्चमध्ये गांधीजींनी भगतसिंगांना का वाचवलं नाही असा वाद घालतात, त्यांनीही जरा थांबावं. गांधी-आयर्विन बोलणी सुरू झाली १७ फेब्रुवारीला, करारावर सह्या झाल्या ५ मार्चला, आणि गांधीजींनी व्हाइसरॉयला फाशी थांबवण्याबद्दल शेवटचं पत्र लिहिलं ते २३ मार्चलाच. त्यांनी पुरेसा जोर लावला की नाही यावर जरूर भांडा, तो गंभीर वाद आहे. पण फाशी १४ फेब्रुवारीला झाली असेल तर हा वाद उभाच राहत नाही. एकच माणूस फेब्रुवारीत एक मेसेज पाठवतो आणि मार्चमध्ये दुसरा. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाहीत.

चूक दाखवली की काहीजण म्हणतात, “बरं, फाशी नसेल, शिक्षा तरी त्या दिवशी सुनावली ना?” तीही नाही. शिक्षा सुनावली गेली ७ ऑक्टोबर १९३० ला. १४ फेब्रुवारीशी या खटल्याचा एक धागा जुळतो, तो असा: पंडित मदनमोहन मालवीय यांनी त्या दिवशी व्हाइसरॉयकडे दयेची विनंती केली, फाशीऐवजी जन्मठेप द्यावी म्हणून. म्हणजे त्या दिवशी देशातला एक वृद्ध पुढारी तिघांच्या जिवासाठी सरकारदरबारी धडपडत होता. आठवण काढायचीच तर त्या विनंतीची काढावी.

आता फोटो. तो १९१९ चा आहे, पंजाबात लष्करी कायदा लागू होता तेव्हाचा. जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर लोकांना उघड्यावर बांधून फटके मारले गेले, त्या छळाचा तो पुरावा आहे. भगतसिंगांचा जन्म सप्टेंबर १९०७ चा, म्हणजे तेव्हा ते अकरा वर्षांचे होते आणि फोटोत वाढलेला तरुण दिसतो. त्या अनोळखी माणसाची पाठ फाटली आणि शंभर वर्षांनी आपण त्याचं दुःखही त्याच्याकडून काढून दुसऱ्याच्या नावावर लावतो. मला हे फार लागतं.

“आपल्यापासून लपवलं गेलं” या वाक्यावर जरा जास्त थांबायला हवं, कारण मेसेजचा सगळा जोर त्यावर आहे. काय लपवलं गेलं? फाशीची बातमी दोन दिवसांत देशभर पोहोचली होती. कराचीच्या काँग्रेस अधिवेशनाला निघालेल्या गांधीजींना संतापलेल्या तरुणांनी काळी निशाणं दाखवली. अधिवेशनात तिघांच्या शौर्याचा गौरव करणारा ठराव झाला, हिंसेपासून अंतर राखत का होईना. आपल्या मराठीतच पाहायचं तर बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘जनता’ पत्रात १३ एप्रिल १९३१ ला ‘तीन बळी’ हा अग्रलेख आला. फाशीनंतर बरोबर तीन आठवड्यांनी. जो अग्रलेख मराठी वाचकाने त्या वर्षी छापील अंकात वाचला, तो विषय लपवलेला कसा?

पुढेही विसर पडला नाही. सतलजच्या काठी हुसैनीवाला इथे, जिथे देह जाळले गेले, ती जागा फाळणीत पाकिस्तानात गेली होती. १९६१ मध्ये सुलेमानकीजवळची बारा गावं देऊन भारताने ती परत घेतली. एका चितेच्या जागेसाठी बारा गावं. १९२९ मध्ये दिल्लीच्या केंद्रीय असेंब्लीत बॉम्ब टाकताना भगतसिंगांच्या शेजारी उभे असलेले बटुकेश्वर दत्त १९६५ मध्ये गेले, तेव्हा त्यांचे अंत्यसंस्कारही तिथेच झाले. आज २३ मार्चला तिथे मोठी गर्दी लोटते. सीमेपलीकडे लाहोरमध्ये जुन्या जेलच्या जागी आता शादमान चौक आहे. तिथेही काही माणसं त्या संध्याकाळी मेणबत्त्या घेऊन उभी राहतात, चौकाला भगतसिंगांचं नाव द्या म्हणतात.

आणि आपल्याकडे? पुणे-नाशिक रस्त्यावर एसटीच्या पाटीवर ‘राजगुरुनगर’ लिहिलेलं असतं. म्हातारी माणसं अजून खेडच म्हणतात, पण नाव बदललं ते याच तिघांतल्या एकामुळे. भीमेकाठच्या त्या वाड्यात मी दोनदा मुलांना घेऊन गेले आहे. शिवराम हरी राजगुरू इथे २४ ऑगस्ट १९०८ ला जन्मले, काशीला संस्कृत शिकायला गेले आणि तिथून क्रांतिकारकांत पोहोचले. १७ डिसेंबर १९२८ ला लाहोरमध्ये सॉन्डर्स या ब्रिटिश पोलीस अधिकाऱ्यावर पहिली गोळी त्यांनी झाडली. ३० सप्टेंबर १९२९ ला ते पकडले गेले ते पुण्यात. मेसेजमध्ये ते नेहमी दोन स्वल्पविरामांमधलं एक नाव असतात. निदान मराठी माणसाने तरी ते नाव इतक्या घाईत ओलांडू नये.

लोकांना खरंच कमी माहीत असलेलं काही असेल तर तो खटला. लाहोर कटाचा, म्हणजे सॉन्डर्सच्या हत्येचा खटला साध्या न्यायालयात रेंगाळत होता. आरोपी उपोषणं करत होते. त्यात जतीन दास ६३ दिवसांच्या उपोषणानंतर १३ सप्टेंबर १९२९ ला गेले आणि देश हादरला. आरोपींचं म्हणणं रोज वर्तमानपत्रांत येऊ लागलं. सरकारला हे परवडेना. मग १ मे १९३० ला व्हाइसरॉयने एक वटहुकूम काढला: तीन न्यायाधीशांचं खास न्यायाधिकरण, आरोपी हजर नसले तरी खटला चालवायची मुभा, आणि निकालावर हायकोर्टात अपील नाही. १२ मे रोजी भर कोर्टात पोलिसांनी आरोपींना मारहाण केली. तिघा न्यायाधीशांपैकी न्यायमूर्ती आगा हैदर यांनी, आरोपींना कोर्टातून हलवण्याच्या हुकमात माझा वाटा नाही, असं नोंदवलं. जूनमध्ये न्यायाधिकरणाची फेररचना झाली आणि नव्या तिघांत त्यांचं नाव नव्हतं. ऑक्टोबरात निकाल लागला. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे साम्राज्याच्या सगळ्यात वरच्या अपील न्यायालयाने, फेब्रुवारी १९३१ मध्ये दादही लागू दिली नाही.

हे सगळं एका ओळीच्या मेसेजमध्ये कुठेच नसतं. कायद्याच्या नावाने कायदा कसा वाकवला जातो, याचा इतका स्वच्छ नमुना आपल्याच इतिहासात आहे आणि आपण मुलांना सांगतो काय, तर “ते प्रेमदिनाला फासावर गेले.”

इथे बहुतेकजण म्हणतात, तारखेचं एवढं काय घेऊन बसलात, भावना महत्त्वाची. माझं भांडण खरं तर याच वाक्याशी आहे. या प्रकरणात तारीख हीच साक्ष आहे. फाशी ठरली होती २४ मार्चच्या सकाळी. तुरुंगाचा रिवाज सकाळचाच. पण सकाळी लाहोरमध्ये लोक गोळा होतील या धास्तीने सरकारने ती आदल्या संध्याकाळी उरकली. देह नातेवाइकांना दिले नाहीत. रात्रीच्या अंधारात फिरोजपूरजवळ नदीकाठी नेऊन घाईघाईने जाळले. २३ की २४, सकाळ की संध्याकाळ, या अकरा-बारा तासांच्या फरकात साम्राज्याची भीती नोंदली गेली आहे. तीन निःशस्त्र कैद्यांना मारायलाही त्याला अंधार लागला. ‘१४ फेब्रुवारी पहाटे’ असं लिहिलं की ती भीती पुसली जाते आणि सरकारचा गुन्हा आपल्याच हातून सौम्य होतो.

राहिला प्रेमाचा मुद्दा. व्हॅलेंटाइन डे कुणी साजरा करावा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी त्यात पडत नाही. पण कॉलेजच्या पोरांना लाजवायला भगतसिंगांचं नाव वापरू नये, कारण ते त्या पोरांच्या बाजूचे निघतात. असेंब्लीत बॉम्ब टाकण्याच्या काही दिवस आधी, एप्रिल १९२९ मध्ये, त्यांनी सुखदेवना एक पत्र लिहिलं. दोघांत प्रेमाविषयी मतभेद झाले होते. प्रेमाने क्रांतिकारक दुबळा होतो, हे भगतसिंगांना मान्य नव्हतं. प्रेम माणसाला वर उचलतं, त्याचं चारित्र्य घडवतं, असं त्यांनी लिहिलं, आणि इटलीचा क्रांतिकारक मॅझिनी याचा दाखला दिला. पुढे सुखदेव पकडले गेले तेव्हा हे पत्र त्यांच्याकडे सापडलं आणि खटल्यात पुरावा म्हणून दाखल झालं. घरात प्रेमावरून कुणा मुलाला बोल लावले जात असतील तर त्याला हे पत्र द्यावं.

१४ फेब्रुवारीला शोक करायला दुसरं कारणही आहे. २०१९ मध्ये त्याच दिवशी पुलवामात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान गेले, त्यात आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले दोघे होते. त्यांच्या घरी ती तारीख खरी आहे. तिच्यावर उसनी फाशी चढवायची गरज नाही.

हे सगळं मी यंदा ग्रुपवर टप्प्याटप्प्याने लिहिलं. तासाभराने मेसेज टाकणाऱ्या काकांचा फोन आला. निवृत्त माणूस, आवाज पडलेला. “चुकलंच माझं,” म्हणाले, “पण मग मी टाकू काय? आणि कधी?” २०३१ मध्ये फाशीला शंभर वर्षं होतील, २३ मार्च त्या वर्षी रविवारी येतोय, तोवर हे पक्कं करून ठेवा, असं मी म्हटलं. टाकायला कुलतारला लिहिलेलं पत्र सुचवलं. पत्र पाठवा म्हणाले. फोन ठेवण्याआधी त्यांनी वेळ पुन्हा विचारली. मी सांगितली, तेवीस तारीख, संध्याकाळी साडेसात, आणि पलीकडून ते एकेक शब्द मोठ्याने म्हणत लिहून घेत असल्याचं ऐकू आलं.