डोळ्यातला जंत बांगड्यातून चढत नाही

गोव्यातल्या घरगुती व्हॉट्सॲप गटांवर एक व्हिडिओ फिरतोय. डॉक्टर डोळ्याच्या पांढऱ्या भागातून वळवळणारा जंत चिमट्याने ओढून काढतात. खाली मजकूर: 'बांगड्यातला जंत पोटातून रक्तात आणि रक्तातून डोळ्यात चढतो. मासे बंद करा, दर महिन्याला जंताची गोळी घ्या.'

डोळ्यातून असा जिवंत जंत निघतो, हे खरं. पण भारतात तो बरेचदा डायरोफायलेरिया रेपेन्स असतो, आणि अशा बऱ्याच नोंदी केरळातल्या आहेत. हा कुत्र्याच्या कातडीखाली राहणारा गोल जंत. त्याची सूक्ष्म पिल्लं कुत्र्याच्या रक्तात फिरतात, रक्त पिणाऱ्या डासात वाढतात आणि तोच डास माणसाला चावला की आपल्या कातडीखाली उतरतात. माणसात सहसा एखादाच जंत वाढतो आणि भरकटत पापणीत, गालात किंवा डोळ्याच्या पापुद्र्याखाली येतो. तो काढला की बहुतेकदा उपचार तिथंच संपतो. या सगळ्यात मासा कुठंच नाही!

बांगड्यात अनिसाकिस नावाचा जंत असू शकतो. कच्च्या माशातून गेला तर तो जठराच्या किंवा आतड्याच्या भिंतीत रुततो, पोटात भयंकर कळा येतात. डोळ्याकडे तो जात नाही. आणि 60 अंशांच्या वर तो मरतो. आपलं माशाचं हुमण तर रटरट उकळतं. लिंबात किंवा व्हिनेगारात मुरवलेला कच्चा मासा मात्र सुरक्षित समजू नका. गोड्या पाण्यातल्या कच्च्या माशातून येणारा ग्नॅथोस्टोमा खरोखर डोळ्यापर्यंत पोचू शकतो.

गोळीचा सल्ला मला सर्वांत जास्त खटकतो. शाळेत मुलांना देतात ती अल्बेंडाझोल आतड्यातल्या जंतांसाठी आहे आणि ती जरूर द्यावी. पण डोळ्यात किंवा मेंदूत डुकराच्या पट्टकृमीच्या गाठी असतील, तर त्या मरताना आलेली सूज दृष्टी घालवू शकते, झटके आणू शकते. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत तर ही गोळी टाळतात. दर महिन्याला घरच्या घरी घेण्याची ही वस्तू नव्हे.

भीती बाळगायचीच तर पिंपांत, कुंड्यांच्या बशांत साचलेल्या पाण्याची बाळगा. अंगणातल्या कुत्र्याच्या विष्ठेचीही: तिच्यातली टॉक्सोकाराची अंडी मातीत दोन-तीन आठवड्यांत पिकतात, मुलांच्या हातांतून पोटात जातात आणि अळी डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचू शकते. कुत्र्याच्या पिल्लांना दुसऱ्या आठवड्यापासूनच पशुवैद्याकडून जंताचं औषध द्या. आणि डोळ्यात काही सरकताना दिसलं तर चोळू नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. जंत आत सरकला की सापडणं कठीण होतं.