‘तेल बदललं की गिअरबॉक्स मरतो’ म्हणे!

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला तिघांकडून आला. आधी गावच्या ग्रुपवर, मग साडूंकडून, आणि शेवटी आमच्या आप्पांनी चष्मा कपाळावर चढवून तो मलाच वाचून दाखवला. मजकूर असा:

‘ऑटोमॅटिक गिअरच्या जुन्या गाडीचं गिअरतेल कधीही बदलू नका. कंपनीने ते गाडीच्या आयुष्यभरासाठी भरलेलं असतं. लाखभर किलोमीटर झाल्यावर बदललं तर गिअरबॉक्स हमखास मरतो, कारण जुन्या तेलातला कचराच प्लेटांना पकड देत असतो. बदलायचंच असेल तर कुठलंही लाल तेल चालतं, ट्रॅक्टरचं हायड्रॉलिकचंही चालतं. आधी लिटरभर रॉकेल टाकून इंजिन फिरवा, सगळी घाण निघते. सकाळी गाडी थंड असताना माप बघा. जनहितार्थ पुढे पाठवा.’

आधी बदलू नका म्हणायचं आणि पुढच्याच दमात बदलायची कृती द्यायची. लिहिणाऱ्याचंच काही ठरलेलं दिसत नाही. तरी मजकूर फिरतोय, कारण आपल्या भागात ऑटोमॅटिक पिकअप मोजकेच. इसुझुच्या व्ही-क्रॉसला २०१९ मध्ये ऑटोमॅटिक मिळाला, टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये आली ती त्याचा पर्याय घेऊनच. बाकी धुळे-जळगाव-नंदुरबारकडे केळी, कांदा आणि कापूस वाहणारे पिकअप म्हणजे क्लच दाबून दाबून पाय दुखवणारेच. असा गिअरबॉक्स तालुक्याच्या मिस्तरीच्या हाताखालून दोन-तीनदा गेला असेल तर खूप. आमच्याकडे तो आला आप्पांच्या डाव्या गुडघ्यामुळे. चोपड्याहून शेतापर्यंत क्लच मारणं त्यांना जमेना, म्हणून २०१९ सालचा जुना पिकअप घेतला. आता काटा एक लाख तीस हजारांच्या पुढे आहे. म्हणजे मजकुराच्या हिशेबाने मी हात लावायचाच नाही.

आधी ‘आयुष्यभर’ या शब्दाकडे बघू. कुणाचं आयुष्य? जगभरच्या मोठमोठ्या गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी स्वतःच्या गिअरबॉक्ससाठी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं झाल्यावर तेल बदला असं सुचवते. तेच गिअरबॉक्स बसवून गाडी विकणारे काही जण मात्र ‘लाइफटाइम’ म्हणतात. बनवणारा एक सांगतो, विकणारा दुसरं. आणखी एक गंमत: बऱ्याच गाड्यांच्या पुस्तकात दोन कोष्टकं असतात. साध्या वापराच्या कोष्टकात गिअरतेलापुढे ‘तपासा’ एवढंच असतं, कठीण वापराच्या कोष्टकात ‘बदला’ येतं. कठीण वापर म्हणजे काय, तर ओझं ओढणं, धूळ, डोंगर, कडक ऊन, थांबत-थांबत चालवणं. वाचताना मला वाटलं, हे आमच्या रावेर-यावल-चोपड्याचंच वर्णन कुणीतरी लिहून ठेवलंय.

यातला उन्हाचा मुद्दा नुसता बोलायचा नाही. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये क्लचप्लेट नसते, टॉर्क कन्व्हर्टर असतो. दोन पंखे समोरासमोर ठेवले आणि एक सुरू केला तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. इथे वाऱ्याच्या जागी तेल आहे, एवढाच फरक. दोन्ही पंखे जवळपास सारख्या वेगाने फिरत असतात तोवर ठीक. पण गाडीत भरगच्च माल, समोर एखाद्या घाटात रांगणारे ट्रक, त्यांच्यामागे आपण, अशा वेळी एक पंखा जोरात फिरतो आणि दुसरा रखडतो. मधली सगळी ओढाताण तेलात उष्णता होऊन उतरते. पुढे आपली काळी माती. जुलैत शिवारात चाक रुतलं आणि अर्धा तास पुढे-मागे झोके दिले की तेलाचे हाल घाटापेक्षा वाईट. तेलाचं तापमान दर १० अंशांनी वाढलं की त्याचं खराब होणं साधारण दुपटीने वाढतं, असा ढोबळ हिशेब यातली माणसं धरतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर असतो, आणि हे तेल ज्या रेडिएटरमार्फत थंड व्हायचं त्याला वाराच मिळतो तसा. मग तेल थंड होणार कुठे?

आता मजकुराचा जीव ज्यात आहे तो मुद्दा: बदललं की मरतो. यावर लोकांचा विश्वास आहे, कारण प्रत्येकाने असं एखादं उदाहरण पाहिलेलं असतं. मीही पाहिलंय. आमच्या ओळखीतल्या एकाच्या ऑटोमॅटिक गाडीचं तेल बदललं आणि आठव्या दिवशी रिव्हर्स पडेना. ‘तेल बदलं नि गाडी मरी गयी,’ हे वाक्य पुढे सहा महिने चहाच्या टपरीवर चाललं. पण तेल मुळात कशामुळे बदललं, हे कुणी विचारलं नाही. मी विचारलं. गाडी तीन महिन्यांपासून चढावर घसरत होती, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन नुसतं ओरडायचं. मिस्तरी म्हणाला, तेल बदलून बघू. माणूस अखेरच्या घटकेला असला की घरचे तोंडात गंगाजल घालतात. नंतर तो गेला, तर गंगाजलाने गेला असं कुणी म्हणत नाही. गिअरबॉक्सच्या बाबतीत मात्र आपण तेच म्हणतो.

‘कचराच पकड देतो’ हेही कानाला बरं वाटणारं. गिअर बदलण्यासाठी गिअरबॉक्सच्या आत वेगळ्या प्लेटा असतात, त्यांच्यावर कागदासारख्या मऊ घर्षणद्रव्याचा थर असतो. त्या एकमेकींना धरतात त्या तेलाच्या दाबाने, आणि किती झटक्याने धरायचं हे ठरतं तेलात मिसळलेल्या रसायनांवर. प्लेटा झिजून निघालेली भुकटी तेलात तरंगत असते. ती दाब वाढवत नाही. उलट व्हॉल्व्हच्या केसाएवढ्या फटींत जाऊन बसते आणि दाब बिघडवते.

तरी या मुद्द्यात चिमूटभर खरं आहे, ते मान्य करतो. गिअरबॉक्स आधीच घसरत असेल तर नवं तेल त्याला वाचवत नाही. आणि अशा गिअरबॉक्सला मशीन लावून जोराने फ्लश केलं तर तळाशी बसलेला गाळ उठून नको तिथे अडकू शकतो. म्हणून घसरणाऱ्या गाडीचं तेल घरी बदलू नये, ती आधी जाणकाराला दाखवावी. पण गिअर नीट पडणाऱ्या गाडीला हे लावणं म्हणजे शेजारी आजारी पडला म्हणून आपण जेवण सोडण्यासारखं.

तेल सांगतंही बरंच काही. नुसतं काळपट झालं म्हणजे मेलं असं नाही. पांढऱ्या कागदावर थेंब टाकून वास घ्या. करपल्याचा वास येत असेल तर काळजीचं. गुलाबी लस्सीसारखं दिसलं तर रेडिएटरमधून कुलंट किंवा पाणी मिसळलंय, अशी गाडी पुढे चालवूच नका. गिअरबॉक्सखालच्या तेलाच्या चेंबरच्या तळाशी लोहचुंबक असतात. त्यांच्यावर काजळासारखा बारीक करडा लेप असणं रोजचं, बोटाला टोचणारे तुकडे असणं वाईट.

‘कुठलंही लाल तेल’. लाल हा रंग आहे, जात नाही. गाडीखाली डाग दिसला तर तो इंजिनाचा की गिअरचा हे कळावं म्हणून ते रंगवतात. जत्रेतलं सगळं लाल सरबत काही कोकम नसतं. बाजारात पॉवर स्टिअरिंगसाठी मिळणारं लाल तेल बहुधा जुन्या डेक्स्रॉन जातीचं असतं. जनरल मोटर्सने डेक्स्रॉन-३ चे परवाने २००६ अखेर बंद केले, पण डब्यावर ते नाव अजून दिसतं. नव्या सहा-गिअरवाल्या गिअरबॉक्सना त्याहून पातळ तेल लागतं. ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक तेल तर खूपच जाड, ते ट्रॅक्टरच्या मागच्या धडासाठी आणि तेलात बुडालेल्या ब्रेकसाठी केलेलं. या तेलातल्या घर्षण-रसायनांचं महत्त्व किती, तर अमेरिकेत सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्यासाठी देवमाशाचं तेल मिसळत. पुढे देवमाशाला कायद्याचं संरक्षण मिळालं आणि कंपन्यांना दुसरी रसायनं शोधावी लागली. एवढा खटाटोप रंगासाठी नव्हता. आपल्या गाडीच्या पुस्तकात तेलाच्या जातीचं जे नाव छापलंय, तेच नाव डब्यावर शोधायचं. आणि तुमची गाडी एएमटी असेल तर हा सगळा विषयच तुमचा नाही. तो क्लच-गिअरवालाच गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मशीन करतं.

रॉकेलबद्दल काय बोलायचं? रॉकेल वंगण नाही, रबराच्या सीलांना ते मानवत नाही, आणि आत गेलेलं सगळं बाहेर येतही नाही. का येत नाही, ते पुढच्या हिशेबात कळेल.

बोल्ट उघडला की सगळं तेल निघतं असं लोकांना वाटतं. निघत नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांमध्ये अर्ध्याहून जास्त अडकून राहतं. समजा गिअरबॉक्समध्ये दहा लिटर आहे आणि खालून चार निघालं. तेवढंच नवं घातलं तर जुनं उरलं ६० टक्के. थोडे दिवस गाडी चालवून पुन्हा तसंच केलं की ३६, तिसऱ्यांदा २२. आंबट ताकात पाणी घालत जावं तसं. घरी करायची रीत हीच: दर वेळी खालून निघेल तेवढंच काढायचं आणि तेवढंच घालायचं. इंजिन चालू ठेवून, तेल थंड करणाऱ्या कुलरची नळी सोडून जुनं बाहेर काढत वरून नवं भरत राहणं मी अंगणात करणार नाही. भरणारा एक लिटर जरी मागे पडला तर पंप हवा ओढतो आणि कोरडा फिरतो.

पाना हातात घेतल्यावर पहिला नियम एवढाच: आधी भरायचा बोल्ट ढिला होतोय का बघा, मग निचऱ्याचा उघडा. उलटं केलं आणि वरचा बोल्ट अडकला तर तेल घमेल्यात आणि गाडी अंगणात. निघालेलं तेल माप असलेल्या डब्यात मोजायचं. चेंबर उतरवलं तर त्याचे बोल्ट अंगातलं बळ लावून आवळायचे नाहीत, पत्रा वाकतो आणि नवं पॅकिंगही गळू लागतं. गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली शिरायचं नाही, चारी बाजूंना घोड्या, म्हणजे लोखंडी स्टँड, हव्यात. पुढची बाजूच उचलली तर माप चुकतं.

आणि आता माप. ‘थंड असताना बघा’ हा सल्ला इंजिन ऑइलचा, इथे चुकून आलाय. ज्या जुन्या गाड्यांना गिअरतेलाची दांडी असते, त्यातल्या बहुतेकांत तेल गरम करून, सगळे गिअर एकदा फिरवून, पी म्हणजे पार्कमध्ये, इंजिन चालू ठेवून दांडी बघतात. नव्या गाड्यांना दांडीच नसते. इंजिन चालू असताना मापाचा बोल्ट उघडायचा, धार पडून नुसते थेंब पडू लागले की माप बरोबर. पण हे तेल ठरावीक तापमानात असतानाच. अनेक गिअरबॉक्समध्ये ही मर्यादा ४० अंशांच्या आसपास असते, नेमका आकडा पुस्तकात बघायचा. तेल तापलं की फुगतं. मर्यादेच्या वर तापलेलं असताना बोल्ट उघडला तर हवं असलेलं तेलही वाहून जातं, माप कमी राहतं, आणि मग गिअर घसरतात. तिथेच ‘बदललं की मरतो’ या गोष्टीला आणखी एक उदाहरण मिळतं.

आता सांगा, मे महिन्यात दुपारी दोन वाजता चोपड्यात उभ्या गाडीचं तेल किती अंशावर असेल? किल्ली न फिरवता ४०च्या पुढे! ज्या देशांत या पुस्तकातले आकडे ठरले, तिथल्या मिस्तरीला तेल तापेपर्यंत थांबावं लागतं. आपल्याला ते निवेपर्यंत. म्हणून हे काम मी डिसेंबरवर ढकललं. पहाटेच्या गारठ्यात निवलेलं तेल दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालवून हळूहळू वर चढतं, आणि बोल्ट उघडायला पुरेसा वेळ मिळतो.

जुन्या तेलाचंही बघायला हवं. कुडाच्या लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासणारे आपल्याकडे आहेत. पण बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नका. वापरलेलं तेल घेणारे गॅरेजवाले असतात, डब्यात भरून त्यांच्याकडे द्या.

तर परवा पहाटे साडेपाचला मी तयार होतो. गाडी चार घोड्यांवर, अंगणात पाणपातळीने सपाटी तपासलेली, आठ लिटर तेल, नवं फिल्टर, पॅकिंग, नरसाळं, तापमापक, सगळं मांडून. वरचा बोल्ट ढिला करून ठेवला. आप्पा घोंगडी पांघरून खुर्ची टाकून बसले होते. आदल्या दिवशीच त्यांनी ‘गाडी चाली राहिनी ना? मंग कसाले उचकस तिले?’ असं विचारून घेतलं होतं. मी खालच्या बोल्टला पाना लावला, तसे ते म्हणाले, ‘वायसर लई उना का?’

निचऱ्याच्या बोल्टचा नवा वायसर जळगावच्या दुकानाच्या काउंटरवरच राहिला होता. वरचा बोल्ट पुन्हा आवळला आणि गाडी घोड्यांवरून उतरवली.