बोरीच्या वाळूतला समुद्र

बोरी नदीचे पात्र वैशाखात वाळूचा नुसता पट्टा होऊन पडते आणि अमळनेरची सखाराम महाराजांची यात्रा त्याच वाळूत भरते. आमच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी बसणाऱ्या पाचांपैकी मी आणि नाना, आम्ही दोघांनी समुद्राचा तळ आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तो याच वाळूत ठोकलेल्या तंबूत, गोणपाटावर बसून, हातात शेव-मुरमुऱ्याची पुडी धरून. अप्पांनी तो पाहिला असे म्हणता येणार नाही. त्यांनी तो दाखवला, कारण ते फिरत्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. खरा समुद्र आम्हाला पुढे बऱ्याच वर्षांनी, मुंबईला एका लग्नाला गेलो तेव्हा दिसला आणि, सांगायला हरकत नाही, तो थोडा सपक वाटला.

परवाच्या वादाला निमित्त बाळूचे झाले. लग्नाचे शूटिंग आणि एडिटिंग हा त्याचा धंदा असल्यामुळे जुन्या चित्रपटांतले ट्रिक सीन शोधून पाहणे हा त्याचा नाद आहे. त्याने मोबाइलवर १९७८ सालच्या 'वॉरलॉर्ड्स ऑफ अटलांटिस' या इंग्रजी चित्रपटातला तुकडा लावला. केविन कॉनर या दिग्दर्शकाने डग मॅक्लूरला घेऊन सत्तरच्या दशकात हरवलेल्या जगांचे जे चार स्वस्तातले साहसपट काढले, त्यांतला हा शेवटचा. भलामोठा ऑक्टोपस जहाजाला विळखा घालतो, माणसांना ओढून समुद्राखाली नेतो, आणि पुढच्याच दृश्यात ती माणसे एका गुहेत शुद्धीवर येऊन कपडे झटकतात. सरांनी, म्हणजे ज्युनिअर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या आमच्या मित्राने, चहाचा कप खाली ठेवला आणि निकाल दिला की याला चित्रपट म्हणणे चूक आहे, ही तिकीट काढून करून घेतलेली फसवणूक आहे.

त्यांचे म्हणणे असे की समुद्राखालच्या जगाची जाहिरात करायची, भिंतीवर लाटा आणि राक्षस रंगवायचे, आणि प्रत्यक्षात पहिल्या अर्ध्या तासानंतर पाण्याचा थेंब दाखवायचा नाही, हा या सगळ्या चित्रपटांचा ठरलेला कावा आहे. १९७४ च्या 'द लँड दॅट टाइम फरगॉट'मध्येही तेच होते: पाणबुडी पाण्याखालच्या बोगद्यातून एका अज्ञात प्रदेशात निघते आणि तेथून पुढे जमीन, झाडे आणि हाताने हलवलेले डायनासोर. यावर नानांना तंबूतली एक आठवण आली. अशाच एका चित्रपटात नायक तळाशी पोहोचून मशाल पेटवू लागला, तेव्हा मागे बसलेला एक म्हातारा शेतकरी उठून उभा राहिला आणि त्याने सगळ्या तंबूला ऐकू जाईल असे विचारले, "आरे, पानी कोठे शे?"

बाळूने याहून जुना मासला काढला. १९३६ साली अमेरिकेत रिपब्लिक या कंपनीने 'अंडरसी किंगडम' नावाची बारा भागांची मालिका काढली होती. तीत नायक रॉकेटसारख्या पाणबुडीतून अटलांटिसला, म्हणजे समुद्रात बुडाल्याची दंतकथा असलेल्या बेटावर, जातो आणि तेथे, समुद्राच्या तळाशी, दोन सैन्ये घोड्यांवर आणि रथांवर बसून लढतात. घोडे म्हणताच नाना म्हणाले, "सारंगखेड्याच्या बाजारातून नेले असतील."

सर हसले, पण हटले नाहीत. त्यांनी टपरीवरचा रिकामा काचेचा ग्लास उचलला आणि ग्लास विसळायच्या बादलीत तो सरळ पालथा दाबला. टपरीवाल्याच्या कपाळावर आठी पडली. ग्लास तळापर्यंत गेला तरी आतली हवा आतच राहिली, पाणी काठापासून जेमतेम रेघभर वर चढले. ते म्हणाले की माणसांना पाण्याखाली नेणारी पालथी घंटा, डायव्हिंग बेल, ती हीच, आणि इथपर्यंत तुमचा चित्रपट खरा आहे. मात्र पाण्यात दर दहा मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढत जातो, त्यामुळे हाच ग्लास दहा मीटर खाली नेला तर आतली हवा निम्म्या जागेत मावेल आणि नव्वद मीटरवर नेला तर दहाव्या हिश्शात. वरून पंपाने हवा भरत राहिल्याशिवाय नायकाच्या गळ्यापर्यंत पाणी आलेच पाहिजे. शिवाय प्लेटोने अटलांटिसची गोष्ट सांगितली ती ते बेट एका दिवस-रात्रीत बुडाल्याची. खाली माणसे सुखाने नांदत आहेत, असे तो कुठेच म्हणत नाही.

यावर नानांनी उलूपी पुढे केली. अर्जुन गंगेत स्नानाला उतरतो, नागकन्या त्याला पाण्याखाली ओढून नेते, तेथे प्रासाद असतो, अग्नीही पेटलेला असतो, आणि व्यासांना कोणी दाब किती होता हे विचारलेले नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१९ साली 'कालियामर्दन' काढला, त्यात त्यांची लहानगी मंदाकिनी कृष्ण होऊन डोहातल्या नागाशी झुंजली. तो नाग बनवलेला आहे हे पाहणाऱ्यांना कळत नव्हते असे थोडेच आहे? सरांचे उत्तर तयार होते: पुराणकथा स्वतःला विज्ञान म्हणवून घेत नाही, आणि हे चित्रपट मात्र दर दहा मिनिटांनी दाढीवाल्या प्राध्यापकाच्या तोंडून खुलासे देतात. हा मुद्दा मला पटला. या चित्रपटांचा कमकुवत भाग ऑक्टोपस नव्हे, प्राध्यापक आहे.

मात्र मूळ आरोप मला मान्य नव्हता आणि मी तसे बोललो. गुहा ही लबाडी नसून हिशेबाच्या वहीतून निघालेली कल्पना आहे, आणि ती वाईट कल्पना नाही. पडद्यावर पाण्याइतकी महाग आणि चुगलखोर वस्तू दुसरी नाही. पाणी टाळायचे तर कथेतच कोरडी जागा निर्माण करावी लागते, म्हणून समुद्राखाली गुहा आली, घुमट आला, तळाखालचे आकाश आले. पैशांची अडचण अशी कथेचा भाग होऊन बसली की पुढे पैसेवाल्यांनीही तीच वाट धरली. 'चुगलखोर' या शब्दावर सर थबकले, आणि गंमत अशी की पुढची दहा मिनिटे माझी बाजू त्यांनीच मांडली, कारण विषय त्यांचा होता.

त्यांनी सांगितले ते असे. लहान जहाज टाकीत तरंगवले तर लाटा खऱ्या समुद्रापेक्षा भराभर उठतात आणि विरतात, कारण गुरुत्वाकर्षण काही जहाजाच्या मापाने कमी होत नाही. म्हणून कॅमेऱ्यातली फिल्म वेगाने पळवून चित्र सावकाश दाखवावे लागते, आणि तो वेग मापाच्या वर्गमुळाने ठरतो. खऱ्याच्या सोळाव्या हिश्शाचे जहाज असेल तर चौपट, म्हणजे सेकंदाला चोवीसऐवजी शहाण्णव चौकटी. त्याने लाटेला वजन येते. पण थेंबाचे काय करणार? थेंब केवढा असावा हे पाण्याचा पृष्ठताण ठरवतो, आणि पृष्ठताणाला तुमचे जहाज लहान असल्याचे माहीत नसते. त्यामुळे जहाजावर आदळलेल्या लाटेतून माणसाच्या डोक्याएवढे थेंब उडतात, आणि पाहणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी त्याचे मन म्हणते की ही बादली आहे.

बाळू म्हणाला की म्हणूनच जाणती मंडळी पाण्याखालचे दृश्य पाण्याशिवायच घेत. स्टुडिओत धूर कोंडायचा, पाणबुडीचे लहान मॉडेल तारांवर टांगायचे, वरून थरथरता उजेड सोडायचा, नट असले तर पंख्याने केस उडवायचे आणि सगळे संथ गतीने दाखवायचे. धुरामुळे दूरच्या वस्तू पुसट होतात, तशाच त्या पाण्यातही होतात. संगणक आल्यावर हे संपले असेल असा माझा समज होता. तोही त्याने मोडला. पाण्याचा एक फेसाळ तडाखा खराखुरा दिसावा यासाठी संगणकाला इतके बारीक कण मोजावे लागतात की आजही स्वस्तातल्या चित्रपटात सर्वांत आधी पाणीच उघडे पडते.

मग त्याने स्वतःची फजिती सांगितली. एका मंडळाच्या देखाव्यासाठी त्याला समुद्रात बुडालेली द्वारका दाखवायची होती. हिरव्या पडद्यासमोर कृष्णाचे सोंग उभे केले, मागे निळा रंग भरला, इंटरनेटवरून बुडबुड्यांची तयार चित्रफीत आणून वर चढवली. बुडबुडे उत्तम होते. पण कृष्णाचा शेला खाली लोंबत होता, आणि पहिल्या रांगेतल्या पोराने आईला विचारले की पाण्यात कपडे वर का येत नाहीत.

तयार चित्रफितीवरून मी जॉर्ज पालची गोष्ट काढली. 'द टाइम मशीन'सारखा चित्रपट काढणारा हा माणूस. त्याने १९६१ साली 'अटलांटिस, द लॉस्ट काँटिनेंट' काढला तेव्हा तो काढणाऱ्या कंपनीच्याच १९५१ च्या 'को वाडिस' या रोमवरच्या चित्रपटातली गर्दीची दृश्ये जशीच्या तशी त्यात घातली. अटलांटिस बुडत असताना रोमचे नागरिक पळतात. मला चीड येते ती येथे. गुहा रंगवून दाखवणारा निदान रात्रभर रंगवत तरी बसतो. उलट जाक टूर्नर, ज्याने तरुणपणी नुसत्या सावल्यांवर लोकांना घाबरवले होते, त्याचा शेवटचा चित्रपट १९६५ चा 'सिटी अंडर द सी'. समुद्राखालच्या शहरात व्हिन्सेंट प्राइस न म्हातारा होणारा कप्तान होऊन बसला आहे, आणि एक विनोदी पात्र टोपलीत कोंबडा घेऊन सगळीकडे फिरते. चित्रपट फसलेला आहे, हे मी मान्य करतो. पण त्या कप्तानाच्या चेहऱ्यावरचा कंटाळा उसना आणलेला नाही.

नाना मध्येच म्हणाले की खरे बुडालेले जग पाहायला एवढे लांब कशाला जायचे. त्यांची सासुरवाड नंदुरबारकडची. अक्राणी-अक्कलकुव्याच्या बाजूला सरदार सरोवराच्या पाण्याखाली मणिबेली आणि इतर गावे गेली. तेथे ना राजा होता ना रत्ने, चुली आणि महूची झाडे होती. थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग अप्पांनी बिडी विझवली.

ते म्हणाले, "सर, तार दिसली की पोरं शिट्ट्या मारतात. तुमचा दाब-बिब कोणी बघत नाही." सरांनी लगेच १९५४ च्या 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी'चा दाखला दिला: डिस्नेकडे पैसा होता, म्हणून तार दिसली नाही. तेथे बाळूने त्यांना पकडले. त्या चित्रपटातले राक्षसी स्क्विडशी झुंजीचे दृश्य आधी शांत समुद्रावर, तांबड्या सूर्यास्तात घेतले होते, आणि त्यात ते जनावर खोटे वाटत होते, ओढणाऱ्या तारा दिसत होत्या. वॉल्ट डिस्नेच्या संमतीने ते सगळे टाकून दिले आणि रात्र, वादळ, पाऊस असे करून जास्तीचा खर्च सोसून पुन्हा घेतले. त्याच चित्रपटाला पुढे स्पेशल इफेक्ट्सचे ऑस्कर मिळाले.

अप्पा खुशीत आले. त्यांनी सांगितले की यात्रेतल्या तंबूत त्यांच्याकडे हिंदीत डब केलेला असाच एक ऑक्टोपसचा खेळ होता. पहिल्या रात्री सोंडेवरची तार चकाकली आणि अर्धा तंबू "तार, तार!" म्हणून ओरडला. प्रोजेक्टर कार्बनवर चालणारा. दोन कांड्यांच्या टोकांमध्ये उजेड पेटतो, कांड्या जळत जातात तशा त्या हाताने पुढे सरकवाव्या लागतात, आणि अंतर वाढले की पडद्यावरचे चित्र पिवळट होऊन मिटमिटते. मालकाची ताकीद होती की चित्र मंद झाले तर पगार कापीन. दुसऱ्या रात्री ऑक्टोपस वर येताच अप्पांनी कांड्या सरकवायचे थांबवले. समुद्र काळवंडला, उजेड थरथरू लागला, आणि तार गेली.

सरांनी विचारले की अंतर किती ठेवले होते. अप्पांनी बोटांच्या चिमटीत हरभऱ्याएवढी फट दाखवली, जरा विचार केला आणि ती किंचित वाढवली.

"आणि शिट्ट्या?"

"आल्या ना," अप्पा म्हणाले, "ऑक्टोपस मेल्यावर."