परदेशातून : काशाची वाटी आणि काळे तळपाय

गेल्या उन्हाळ्यात सासूबाई नव्वद दिवसांच्या व्हिसावर आमच्याकडे जर्मनीतल्या बव्हेरियात आल्या, तेव्हा त्यांच्या सामानात मेतकूट, कुळथाचे पीठ आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली एक काशाची वाटी होती. त्या सुमारास मला कित्येक आठवडे धड झोप नव्हती, आणि हे मी त्यांना सांगितले नसले तरी पहाटे तीन वाजता स्वयंपाकघरात लागणारा दिवा त्यांनी पाहिला असणार. चौथ्या रात्री त्यांनी सतरंजी अंथरली, मला बसवले आणि माझे पाय मांडीवर घेतले. मी संकोचून पाय आखडले. मोठ्या माणसाने धाकट्याच्या पायाला हात लावायचा नसतो आणि सासूने सुनेच्या तर मुळीच नाही. "आजारी माणसाला असले नियम नसतात," एवढेच म्हणून त्यांनी तळपायाला साजूक तूप लावले आणि वाटीच्या बुडाने घासायला घेतले. वीस मिनिटांत तळपाय काजळी फासल्यासारखे काळे झाले. "बघ, किती उष्णता साठली होती अंगात," त्या समाधानाने म्हणाल्या. त्या रात्री मी सहा तास झोपले.

आता माझी अडचण सांगते. मी शिक्षणाने आणि व्यवसायाने रसायनशास्त्राची आहे. कासे म्हणजे साधारण ७८ टक्के तांबे आणि २२ टक्के कथील. तूप लावून ते घासले की धातूचे बारीक कण सुटतात, तुपातल्या मेदाम्लांशी आणि त्वचेवरच्या घामाशी तांब्याचा संयोग होतो आणि काळपट राप तयार होतो. दुसऱ्या दिवशी सासूबाई फिरायला गेल्या असताना मी तीच वाटी तूप लावून माझ्या जुन्या चामडी चपलेच्या तळव्यावर घासली. चप्पलही काळी झाली. चपलेच्या अंगात उष्णता साठलेली नव्हती, हे वेगळे सांगायला नको.

हे मी सासूबाईंना सांगितले नाही. नवऱ्याला सांगितले आणि त्याने ते घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. दोन दिवस तिथे रण माजले. एका बाजूला डॉक्टर झालेला भाचा, दुसऱ्या बाजूला सगळे काका. हा वाद आमच्या घरापुरता नाही. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली होती. २०२४ साली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल एका मोठ्या आयुर्वेदिक कंपनीला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर वृत्तपत्रांतून माफी छापावी लागली, तेव्हाही घराघरांत हेच दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणतो, सारे थोतांड आहे; दुसरा म्हणतो, तुम्हाला आपले काहीच चांगले दिसत नाही. मधल्या मध्ये पुण्यात गेल्या खेपेस मी काशाच्या फिरत्या थाळीचे विजेचे यंत्र पाहिले, ज्यावर पाय ठेवून बसायचे आणि उठताना काळे झालेले तळपाय म्हणजे शरीराबाहेर पडलेली विषद्रव्ये, असे समजून पैसे द्यायचे.

वस्तुस्थितीच्या प्रश्नावर भाच्याचेच बरोबर आहे, आणि हे मी काकांचा राग पत्करून लिहिते. २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे एक पंचमांश उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. पोटात जाणाऱ्या गोष्टीचा हिशेब अभिमानाने चुकता होत नाही. मात्र भाच्याने जेव्हा "मग आजीला ते बंद करायला सांग" असे लिहिले, तेव्हा मला इथला एक हौद आठवला.

आमच्या गावाच्या बागेत गुडघाभर थंड पाण्याचा एक उथळ हौद आहे. असे हौद बव्हेरियात ठिकठिकाणी दिसतात. सेबास्टियन क्नाइप या एकोणिसाव्या शतकातल्या पाद्र्याने रूढ केलेला हा प्रकार. क्षयाने ग्रासलेला असताना त्याने १८४९ साली डॅन्यूबच्या गार पाण्यात डुबक्या मारायला सुरुवात केली, बरा झाला आणि पुढे बाड वोरिसहोफेन या खेड्याला त्याने जलोपचाराचे क्षेत्र करून टाकले. हौदात उतरायचे आणि बगळ्यासारखा एकेक पाय पाण्याबाहेर पूर्ण उचलत चालायचे. संध्याकाळी निवृत्त शिक्षिका, बांधकामावरचे कामगार, लेकुरवाळ्या बाया, सगळे गंभीर चेहऱ्याने बगळे होऊन चालत असतात. २०१५ साली जर्मनीने या परंपरेला आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. मला मोलाची वाटते ती हौदाशेजारची पाटी. पाय आधीच गार असतील तर उतरू नका, मूत्रमार्गाचा संसर्ग असेल तर उतरू नका, असे तिच्यावर लिहिलेले आहे. या पाण्याने कर्करोग बरा होतो, असे तिच्यावर कोठेही नाही.

म्हणून जर्मन माणूस मोठा विवेकी, असे मी म्हणणार नाही. होमिओपॅथीचा जन्म याच देशातला, साखरेच्या त्या गोळ्या इथे औषधांच्या दुकानांत मानाने विकल्या जातात आणि त्यांचा खर्च आरोग्य विम्याने द्यावा का, यावर इथेही हमरीतुमरी होते. तरीही एक भेद इथे बऱ्यापैकी पाळला जातो. योगासनांच्या आठ-दहा तासिकांच्या मान्यताप्राप्त वर्गाचे बरेचसे शुल्क माझी विमा कंपनी परत करते, पण ते प्रतिबंधक उपाय म्हणून, आणि पुरेशी हजेरी असेल तरच. त्या वर्गात कोणी मधुमेहाच्या गोळ्या सोडायला सांगत नाही.

हा भेद आपल्याकडे नव्हता असे नाही. वाग्भटांनी अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात दिनचर्या सांगताना अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल चोळणे, रोज करावा, डोके, कान आणि पाय यांना विशेषत्वाने करावा, त्याने थकवा जातो आणि झोप चांगली लागते, असे म्हटले आहे. आणि लगेच पुढे कफाने पीडलेल्याने, शोधन म्हणजे वमन-विरेचनासारखी शुद्धी झालेल्याने आणि अजीर्ण असलेल्याने तो करू नये, हेही बजावले आहे. म्हणजे हौदावरची पाटी तिथेही आहे. ती पाटी काढून तिच्या जागी जाहिरात कोणी लावली, हा प्रश्न काकांनी विचारायला हवा. तो न विचारता ते भाच्याशी भांडतात, याचे मला वाईट वाटते.

राहिला माझ्या झोपेचा प्रश्न. अभ्यंग इथल्या हॉटेलांतही विकत मिळतो. मंद दिवे, तिळाचे कोमट तेल, तासाचे दर भिंतीवर. मी एकदा गेले होते. बाईंचा हात कसबी होता, पण माझे अर्धे लक्ष घड्याळाकडे होते. सासूबाईंच्या मांडीवर पाय असताना त्या मला माझ्या नवऱ्याच्या लहानपणच्या तापांबद्दल सांगत, मध्येच गप्प होत, आणि लग्नाला अकरा वर्षे होऊनही आम्ही दोघी एका खोलीत इतका वेळ, काही काम हातात नसताना, कधी बसलो नव्हतो हे माझ्या लक्षात येई. वाटी तांब्याची असती किंवा स्टीलची असती, तरी मी झोपले असते असा माझा अंदाज आहे. पण वाटीशिवाय आम्ही तशा बसलो असतो का? उगाच कोणी कोणाचे पाय मांडीवर घेत नाही. त्याला निमित्त लागते, आणि अंगातली उष्णता हे आमच्या घरात चार पिढ्या चाललेले निमित्त आहे.

सासूबाई परत गेल्या आणि वाटी ठेवून गेल्या. आता रविवारी रात्री नवरा माझे पाय घासतो, पुढच्या रविवारी मी त्याचे. त्याच्या हाताला अंदाज नाही आणि तूप सतरंजीला लागते. पाळी कोणाची यावर वाद होतात. सोमवारी सासूबाईंचा फोन येतो आणि त्या न चुकता विचारतात, "काय गं, झाले का पाय काळे?"

"झाले ना आई," मी सांगते, "अगदी काळेकुट्ट."