रीळ हजार डॉलरचं, मासा चौदा इंचांचा

डिसेंबरात पुण्याला जायचं तिकीट काढलं की घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी सुरू होते. व्हिटॅमिनच्या गोळ्या, बदाम, कुणाच्या तरी मुलाचा लॅपटॉप. गेल्या खेपेला मावसभावाने एकच ओळ टाकली : ‘‘दादा, येताना एबलचं रीळ आणशील? पैसे लगेच पाठवतो.’’

रीळ म्हणजे फ्लाय फिशिंगचं, मासेमारीच्या काठीला लावलेलं दोर गुंडाळायचं चाक. (हल्ली रील म्हटलं की मोबाइलवर नाचणारी माणसं आठवतात, म्हणून मी आपला शिंप्याचा जुना शब्द वापरतो.) भाऊ तीन वर्षांपूर्वी हिमाचलात, तीर्थन नदीवर ट्राउट धरायला शिकला आणि तेव्हापासून कामातून गेला. कुणीतरी रिळाची किंमत शोधून काढली. हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे नव्वद हजारांच्या घरात. मग काय, ग्रुप दोन दिवस पेटलेला.

मामांनी लिहिलं, ‘‘एवढ्यात सेकंडहँड ॲक्टिव्हा येते. ती निदान ऑफिसला तरी नेते.’’ मावशीचा प्रश्न वेगळाच : ‘‘पकडलेला मासा परत सोडून देतो म्हणे हा. मग धरायचा कशाला?’’ मामेबहीण भावाच्या बाजूने उतरली. हौसेला मोल नसतं, तुम्ही सोनं घेता तेव्हा कुणी विचारतं का, वगैरे. मामांचं भोसरीत छोटं वर्कशॉप आहे. त्यांनी रिळाचा फोटो मोठा करून पाहिला आणि निकाल दिला, ‘‘असलं चाक आमच्याकडे सीएनसीवर दीड हजारात निघेल.’’ शेवटी सगळे माझ्याकडे वळले. तू तिथे राहतोस, तूच सांग.

माझ्याकडे वळायला कारणही होतं. मी कोलोरॅडोत राहतो, फोर्ट कॉलिन्सला. एबल आणि रॉस ही दोन्ही नावाजलेली रिळं याच राज्यात, माँट्रोज नावाच्या गावात तयार होतात. शिवाय मी मेकॅनिकलचा, आणि नऊ वर्षं झाली, सुट्टीच्या दिवशी कमरेइतक्या पाण्यात उभा असतो. तेव्हा ‘नंतर सांगतो’ म्हणून वेळ मारून नेली होती. ते उत्तर आता देतो.

आपल्याकडे गरी टाकतात तेव्हा तंगुसाच्या टोकाला शिसं असतं. ते शिसं दोरीला ओढत लांब नेतं. फ्लाय फिशिंगमध्ये गळाला असतं पीस आणि रंगीत दोरा, पाण्यावरच्या किड्यासारखं दिसेल असं बांधलेलं. हीच ‘माशी’. त्याचं वजन जवळजवळ शून्य. ते लांब फेकणार कसं? म्हणून इथे दोरच जड असतो : जाडसर, वरून प्लास्टिकचा लेप दिलेला. काठीने तो दोर मागे-पुढे झुलवायचा आणि शेवटी पाण्यावर सोडून द्यायचा. म्हणजे फेकीचं सगळं काम काठी आणि दोर करतात. रीळ खाली लटकून बघत बसतं.

बरं, मासा लागल्यावर तरी? आमच्या गावाजवळून कॅश ला पूडर नावाची नदी वाहते. (फ्रेंच कातडी-व्यापाऱ्यांनी इथे कुठेतरी बंदुकीची दारू लपवली होती म्हणून हे नाव. लोक नुसतं ‘पूडर’ म्हणतात.) गेल्या सप्टेंबरातली एक संध्याकाळ. उन्हं कड्यावर गेलेली, पाणी इतकं गार की घोटे बधिर. एका खडकामागच्या संथ पाण्यात अठरा नंबरची, म्हणजे अगदी बारीक माशी सोडली आणि तिसऱ्या फेकीला ब्राऊन ट्राउटने ती घेतली. चौदा इंचांचा असेल, या नदीच्या मानाने चांगलाच. मी उजव्या हाताच्या बोटाखाली दोर दाबून धरला आणि डाव्या हाताने हातहात ओढत राहिलो. त्याने दोनदा उसळी मारली, एकदा दोर मागितला, तो बोट सैल करून दिला. मिनिटभरात मासा जाळीत, दुसऱ्या मिनिटाला परत पाण्यात. त्या दिवशी असे चार मासे लागले. रिळाची टिकटिक ऐकू आली ती फक्त अंधार पडल्यावर, दोर गुंडाळून गाडीकडे निघताना.

आता थोडं गणित करू. दोराच्या टोकाला माशी बांधायची ती बारीक पारदर्शक धाग्याने, त्याला टिपेट म्हणतात. पाच-एक्स हा ट्राउटसाठी नेहमीचा आकार. एक्सच्या आधीचा आकडा अकरातून वजा केला की जाडी कळते : अकरातून पाच गेले, उरले सहा, म्हणजे एक इंचाचे सहा हजारांश, साधारण पंधरा शतांश मिलिमीटर जाडी. हा धागा दोन-सव्वादोन किलोच्या ओढीला तुटतो, आणि गाठीपाशी त्याच्याही आधी. म्हणून रिळाचा ब्रेक, ज्याला इथे ड्रॅग म्हणतात, तो या ताकदीच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्श्यावर ठेवायचा. म्हणजे अर्धा-पाऊण किलो! एवढ्यासाठी महागड्या रिळातल्या कार्बनच्या चकत्या आणि दहा-दहा किलो रोखणारा ब्रेक घेणं म्हणजे सायकलला ट्रकचे ब्रेक बसवणं. इंग्लंडमध्ये ॲल्निकच्या हार्डी बंधूंनी १८९१ साली ‘परफेक्ट’ नावाचं रीळ काढलं. त्यात दातेरी चाकावर खटका टकटकत राहतो, तोच त्याचा ब्रेक. उरलेलं काम रिळाच्या कडेवर तळहात ठेवून करायचं. त्या जातीची जुनी रिळं आजही नदीवर मजेत चालतात.

इथवर ऐकून मामा खूश होतील. पण दीड हजाराच्या चाकाबद्दल त्यांना चार शब्द सांगितलेच पाहिजेत, कारण मीही इंजिनीअरिंगच्या सुट्टीत त्यांच्याच वर्कशॉपमध्ये लेथवर उभा राहिलेला माणूस आहे.

इथल्या दुकानात काउंटरवर दोन रिळं शेजारी ठेवून पाहिली. स्वस्तातलं होतं साच्यात ओतलेलं, महागडं ॲल्युमिनियमच्या सळीतून कोरून काढलेलं. तसं करताना सळीचा बराचसा भाग बुरादा होऊन कचऱ्यात जातो, तो खर्चही गिऱ्हाइकाच्याच माथी. नुसतं बघून फरक कळत नाही. स्वस्त रिळाचं चाक बोटाने फिरवलं तर ते किंचित डुलत होतं, आणि चाक व चौकट यांच्यातल्या फटीत एका बाजूला कागद जात होता, दुसऱ्या बाजूला नाही. ही फट दिसायला क्षुल्लक. पण पंधरा शतांशाचा धागा नेमका त्याच फटीत घुसतो, आत जाऊन दांड्याला गुंडाळतो, आणि अंधारात, गार बोटांनी, ते चाक उघडून बसावं लागतं. मी बसलो आहे. तेव्हा मामा, चाक दीड हजारात निघेल, पण रनआउट, म्हणजे फिरताना चाकाचं डुलणं, किती ठेवाल ते आधी सांगा. आणि वर्षाला दोनशे नग काढायचे असतील तर तोच भाव राहील का, तेही.

खऱ्या ब्रेकची गरज मला एकदाच पडली, आणि तेव्हाच तो नव्हता. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला, इस्लामोराडाला गेलो होतो. तिथे गुडघाभर खाऱ्या पाण्यात बोनफिश चरायला येतो. तीन किलोचा मासा, पण गळ लागला की शंभर मीटर सरळ समुद्राकडे सुटतो. माझ्याकडे ऐंशी डॉलरचं नदीवरचं रीळ. आदल्या दिवशी ते खाऱ्या पाण्यात बुडालं होतं आणि रात्री कंटाळा करून मी ते धुतलं नव्हतं. मासा लागला, हातातला मोकळा दोर सर्रकन संपला आणि ओढ रिळावर आली. चाक क्षणभर हललंच नाही. मग एकदम सुटलं, परत अडकलं, आणि ताड! नाव हाकणारा गाइड पाण्याकडे बघतच म्हणाला, ‘‘काल रात्री धुतलं होतंस?’’ बाकी काही बोलला नाही. ते जास्त लागलं.

चूक माझी होती, पण रिळाचाही भाग होताच. थांबलेलं चाक हलवायला जी जास्तीची ओढ लागते ती शक्य तितकी कमी ठेवणं, आणि मीठ, वाळू आत जाऊ न देणं, यातच चांगल्या ब्रेकचं सगळं कसब आहे. दुसरी गोष्ट चाकाच्या व्यासाची. मासा दोर नेत जातो तशी रिळावरची गुंडाळी बारीक होते. ब्रेक तोच ठेवला तरी गुंडाळीची त्रिज्या निम्मी झाली की माशाला दुप्पट ओढ लागते, आणि धागा तुटतो तो नेमका मासा सर्वांत लांब असताना. म्हणून हल्लीच्या रिळांचा मधला गाभा मोठा ठेवतात. खाऱ्या पाण्यात, मोठ्या माशांवर जाणाऱ्याने महाग रीळ घेतलं तर त्याला मी उधळ्या म्हणणार नाही.

मग एबलच्या हजार डॉलरमध्ये जास्तीचं काय मिळतं? खरं सांगायचं तर देखणेपण. ॲनोडायझिंगच्या थरावर ट्राउटच्या अंगावरचे ठिपके हाताने रंगवलेली त्यांची रिळं मी पाहिली आहेत. हातात घेतली की खाली ठेववत नाहीत. मी स्वतः साडेतीनशे डॉलरचं एक घेतलं आहे. त्याने एकही मासा जास्त दिलेला नाही, आणि मला ते आवडतं. पण हे सरळ म्हणायची आपल्याला चोरी. पुण्यात माणूस म्हणतो, ‘इन्व्हेस्टमेंट आहे’. इथे माझे गोरे मित्र म्हणतात, ‘लाइफटाइम वॉरंटी आहे’. दोघांनाही ती वस्तू सुंदर वाटली म्हणून घेतली, एवढंच असतं. मामेबहिणीचं ‘हौसेला मोल नसतं’ मला त्याहून बरं वाटतं. निदान त्यात हौसेचं नाव तरी घेतलं आहे. फक्त ते खरं नाही. हौसेला मोल असतं, आणि ते माणसागणिक वेगळं असतं.

इथेच परदेशातल्या माणसाच्या सल्ल्याची गोची आहे. आम्ही इथे आलो की पहिली दोन वर्षं कॉफीच्या कपालाही रुपयांनी गुणतो. मग ती सवय सुटते आणि आम्ही आपल्याला मोठे समंजस समजू लागतो. पण हजार डॉलर म्हणजे माझे तीन-चार दिवसांचे काम, आणि भावाचा महिन्याभराचा पगार. डॉलरमध्ये भाव एकच दिसतो, दिवसांत मोजला तर त्याच रिळाची किंमत त्याला सात-आठ पट पडते. म्हणून ‘चांगली वस्तू एकदाच घ्यावी’ हे माझ्या तोंडून त्याने ऐकू नये. आणि मामांचा गुणाकार कितीही चिडवणारा असला तरी तो चुकीचा नाही.

भावाला मी फोन करून विचारलं, तू नक्की कुठे जातोस? तीर्थनला ट्राउट, आणि पुढच्या वर्षी उत्तराखंडात महाशीर. तीर्थनसाठी त्याचं आत्ताचं रीळ चालेलच. महाशीर मात्र नदीचा पैलवान आहे. पहिल्याच धावेत तो खळाळात शिरतो आणि खडकाआडून खेचत राहतो, तिथे खटक्याचं रीळ अपुरं. म्हणून लॅमसनचं लिक्विड घेतलं : साच्यात ओतलेलं, दिसायला साधं, पण ब्रेक बंदिस्त, पाणी-वाळू आत न जाणारा. दीडशे डॉलरच्या आसपास. उरलेल्या पैशांतून शंभर डॉलरचा एक चांगला दोर घेतला, कारण फेक दोर करतो. भाऊ अजून जुन्या, भेगा पडलेल्या दोराने फेकत होता आणि फेक जात नाही म्हणून रिळाला दोष देत होता! सोबत महाशीरसाठी झिरो-एक्स टिपेटच्या दोन गुंडाळ्या. बाकीच्या पैशांचं काय करायचं, तर तीर्थनला आणखी दोन खेपा कर, असं सांगितलं. त्याने ‘ठीक आहे दादा’ म्हटलं. आवाजात एबलचं दुःख होतं, ते मी ऐकलं नाहीसं केलं.

पुण्याला पोचण्याआधी चार दिवस देवगडजवळ गावी गेलो. तिथे आमचे काका आहेत, वय अठ्ठ्याहत्तर, खाडीवर गरवण्यात उभा जन्म गेलेला. त्यांचं रीळ म्हणजे लाकडाचा एक तुकडा, त्याला तंगूस गुंडाळलेला. त्यावर त्यांनी माझ्यासमोर तांबोशी काढली आहे. पडवीत बॅग उघडली तसं त्यांनी लिक्विड हातात घेतलं.

‘‘ह्यो कसलो चरखो रे?’’

मी सांगितलं. त्यांनी चाक फिरवलं, कानाजवळ नेलं, दोर बोटाने ओढून पाहिला. ब्रेकची चकती घट्ट केली, सैल केली. ‘‘काम बरां केल्यानी हा,’’ म्हणाले, आणि रीळ बाजूला ठेवलं. मग टिपेटची गुंडाळी उचलली. हातभर धागा सोडला, उजेडाकडे धरला, दोन बोटांत सरकवला, दाताखाली धरून पाहिला. एक टोक पडवीच्या खांबाला गुंडाळून हळूहळू ओढलं, मग झटका दिला. धागा तुटला नाही.

‘‘ह्येची किंमत किती?’’

‘‘वीस डॉलर, काका. अठराशे रुपये होतील.’’

काकांनी मान हलवली आणि गुंडाळी सदऱ्याच्या खिशात टाकली. ‘‘ह्यां माका ठेव. तुझ्या भावाक तो चरखो दी.’’