झाकलेल्या ढिगालाही शाकारणी लागते

कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या ‘झूम’ या कचरा डेपोवरच्या ढिगाची चर्चा निघाली की व्हॉट्सॲपवर एक मेसेज हमखास फिरतो : ‘ढिगावर माती टाका, वर वड-पिंपळ नाहीतर वाळा लावा, विषय कट. पाऊस आपोआप उतारानं जातोय. विहिरीचं पाणी नितळ आहे, मग तपासण्या म्हणजे नुसती बिलं काढायची कामं.’ बिलांबद्दलचा संशय मला समजतो. नोकरीभर विहिरींचं पाणी बाटल्यांत भरत फिरलो, बिलंही पाहिली. बाकीचं मात्र जसंच्या तसं सोडण्यासारखं नाही.

आधी माती. केंद्राच्या २०१६ च्या घनकचरा नियमांत क्षेपणभूमी, म्हणजे कचरा टाकायची जागा, बंद करताना खाली ६० सेंटीमीटर पाणी न झिरपणारी चिकणमाती, तिच्यावर १५ सेंटीमीटर निचऱ्याचा थर आणि सगळ्यात वर झाडोऱ्यासाठी ४५ सेंटीमीटर माती सांगितली होती. एवढं केलं तरी आतला कचरा कुजायचा थांबत नाही. तो खचतो, आणि सगळीकडे सारखा खचत नाही. जिथं खचला तिथं डबकं. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात तशा झाकणालाही पडतात. एक हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १० लाख लिटर पाणी. त्यातलं जेवढं भेगांतून आत जाईल, तेवढं कचऱ्यातली घाण घेऊन खालून काळं पाणी, म्हणजे लीचेट, होऊन बाहेर पडायला बघणार. म्हणून मृगाच्या आत खळगे भरायचे, भेगा बुजवायच्या, घर शाकारतो तसं. बंद केल्यापासून निदान १५ वर्षं ही देखभाल करायची, असं त्याच नियमांत होतं. (ढीग उकरून, चाळून पूर्ण हलवला तर झाकणाचा प्रश्नच उरत नाही, हे कबूल. खालची माती आणि भूजल तरीही तपासावंच लागतं.)

आता वड-पिंपळ. वाड्याच्या भिंतीत उगवलेला पिंपळ काय करतो, हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. ढीग स्थिर होईपर्यंत त्यावर ३० सेंटीमीटरपेक्षा खोल मुळं जाणार नाहीत अशीच, खाण्यात न येणारी, दुष्काळ सोसणारी बारमाही झाडं लावायची, असंही त्याच नियमांत होतं. वाळा माती धरून ठेवतो हे खरं, पण त्याची मुळं सरळ दोन-तीन मीटर खाली उतरतात. म्हणजे जे झाकण राखायचं, त्यालाच भोकं. शिवाय कचरा कुजून होणारा मिथेन वायू खालून वर येतो, मुळांपाशी हवा उरत नाही, आणि हौसेनं लावलेलं झाड वाळतं. गवत मात्र या कामात फार उपयोगी. ऐन श्रावणात सगळा ढीग हिरवा आणि मध्येच एक पिवळा पट्टा दिसला, तर तिथून वायू फुटतोय का ते आधी बघायचं. वड लावायचेच असतील तर हद्दीवर लावा, तिथं हरित पट्टा हवाच असतो.

‘पाऊस उतारानं जातोय.’ जातो, उतार जागेवर असेपर्यंत. ढीग खचला की कडेच्या चराचा उतारही उलटा होतो. एका वळवानं चरात गाळ आणि प्लॅस्टिक बसलं की पाणी परत ढिगाकडेच. फावडं, दोन माणसं आणि पावसाळ्यात दर मोठ्या सरीनंतर एक फेरी, एवढंच काम आहे. पण ते दरवर्षीचं आहे.

आणि नितळ पाणी. लीचेटमधल्या क्लोराईडला रंग नसतो, अमोनियालाही नसतो. क्लोराईड मातीत अडकत नाही, पाण्याबरोबर पुढं सरकतो, म्हणून गळतीची पहिली चाहूल बहुधा त्याच्याकडूनच लागते. पण एका विहिरीचा एक आकडा काहीच सांगत नाही. ढिगाच्या वरच्या अंगाची विहीर आणि खालच्या अंगाची, दोन्ही शेजारी ठेवून बघायची. तीही उन्हाळा, पावसाळा आणि पावसाळ्यानंतर अशी तीनदा. आपल्याकडे खाली काळा पाषाण. पाणी त्याच्या फटींतून वाट काढतं, त्यामुळं एक बोअर चांगली निघाली म्हणून दहा पावलांवरचीही चांगलीच असेल, असं नाही. त्यात पंचगंगा. राजाराम बंधाऱ्याची पातळी ४३ फुटांची धोका रेषा ओलांडते तेव्हा नदीकाठचं भूजलही चढतं. तळाला अस्तर नसलेल्या जुन्या ढिगाचं वरचं झाकण कितीही शाबूत असो, तो खालून भिजतो आणि पूर ओसरताना ते पाणी आतली घाण घेऊन उतरतं. ‘पुरानं सगळं धुऊन निघतं’ म्हणणाऱ्यांनी नेमका तेव्हाचा नमुना मागावा.

नमुना घेण्याचीही रीत असते. ढिगाशेजारी भूजल तपासायला निरीक्षण विहीर, म्हणजे पाइप घातलेली बोअर, असते. तिच्या पाइपात साचलेलं शिळं पाणी, पाइपात मावतं त्याच्या साधारण तीन पट, आधी उपसून टाकायचं आणि मग बाटली भरायची. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका बंद डेपोवर मी असाच बेलर, म्हणजे नमुना काढायची दोरीची नळी, घेऊन गेलो, तर निरीक्षण विहिरीच्या केसिंगला, म्हणजे वर आलेल्या पाइपाला, म्हैस बांधलेली, वरचं टोपण गायब. पोरांनी ‘डुब्’ आवाज ऐकायला आत इतके दगड टाकले होते की बेलर दीड मीटरवरच अडला. वहीत मात्र त्या विहिरीचे गेल्या वर्षीच्या तिन्ही हंगामांचे आकडे व्यवस्थित लिहिलेले होते.